जुन्या वास्तूला नवा भाग जोडताना: कलाकेंद्राची आखणी, पायरीपायरीने

जुनी गिरणी, वीजकेंद्र, धान्याचं कोठार, तुरुंग, चर्च. अशा एखाद्या वास्तूचं कलादालन किंवा नाट्यगृह करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत कुणीतरी काचेच्या खोक्याचं चित्र टेबलावर ठेवतं. चित्र देखणं असतं. पण या खोक्यात नेमकं काय जाणार असं विचारलं, की उत्तर येतं, ‘कॅफे, बहुतेक.’ इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. नवा भाग कसा दिसावा, हा पाचवा-सहावा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की जुन्या इमारतीला काय झेपणार नाही? जे तिला झेपणार नाही ते उचलण्यासाठीच नवा भाग बांधायचा. लिफ्ट, आगीचे जिने, यंत्रखोली, जड वजनं, कोरडी-दमट हवा नेमकी राखावी लागते ती दालनं, हे सगळं नव्याकडे गेलं तर जुन्या भिंतींना हात लावायची वेळ फार कमी येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका भूमिकेतून लिहिल्या आहेत.

पायरी १: वास्तू नीट वाचा

मोजमाप लेझर स्कॅननेच करा. जुन्या इमारतीत काटकोन क्वचितच खरे काटकोन असतात, आणि टेपने घेतलेल्या मापांवर केलेलं पोलादी काम जागेवर बसत नाही. पण स्कॅनला फक्त पृष्ठभाग कळतो. भिंत आतून भरीव आहे की दोन थरांच्या मध्ये रोडा भरलाय, तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत का, पाया किती खोल आहे, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी छोटी भोकं पाडून आत एंडोस्कोप (टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी) घाला, पायाजवळ तपासणीचे खड्डे घ्या, लाकडाची घनता तपासा. नवा भाग जिथे जुन्याला भिडण्याची शक्यता आहे तिथे खड्डे जास्त घ्या. पाया खणायच्या खर्चाशी तुलना केली तर हे पैसे किरकोळ आहेत.

पावसात वास्तू बघणं हे सर्वेक्षणाचंच काम आहे, हौस नाही. पाणी कुठल्या पन्हळीतून ओसंडतं, कुठल्या कोपऱ्यात भिंत दोन दिवस ओली राहते, लोणा कुठे फुटलाय, हे कोरड्या दिवसाच्या फोटोंत सापडत नाही. नवा भाग जोडला की पाण्याच्या याच वाटा अडणार किंवा वळणार आहेत.

यानंतर ‘महत्त्वाचा नकाशा’, म्हणजे वास्तूचा कुठला भाग किती मोलाचा हे दाखवणारा नकाशा, तयार करायचा. प्रत्येक मजल्याच्या आराखड्यावर रंग भरा: अतिशय महत्त्वाचं, महत्त्वाचं, साधारण, आणि नुकसान करणारं. शेवटच्या रंगाकडे माझं लक्ष आधी जातं. बहुतेक जुन्या इमारतींना पूर्वी कुणीतरी एखादी शेड, शौचालयाचा ब्लॉक किंवा बॉयलरची खोली चिकटवलेली असते. तिथली भिंत आधीच फुटलेली असते आणि मूळ घडीव काम गेलेलं असतं. नव्या भागाची जागा बऱ्याचदा तिथेच दडलेली असते.

पायरी २: कलेची गरज आकड्यांत मांडा

‘बहुउद्देशीय जागा हवी’ हे वाक्य आराखड्याच्या कामाचं नाही. आकडे हवेत.

वजनापासून सुरुवात करू. राहत्या घराची जमीन साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचं वजन धरून बांधतात. सार्वजनिक कलादालनाला ४०० ते ५०० किलो लागतं, रंगमंचाला सुमारे ७५० किलो. म्हणजे जुन्या हवेलीच्या लाकडी मजल्यावर शिल्पप्रदर्शन भरवायचं तर एकतर मजला मजबूत करा, नाहीतर शिल्पं दुसरीकडे न्या. गिरण्या आणि कोठारं मात्र मुळातच वजनदार यंत्रं किंवा माल पेलायला बांधलेली असतात. तिथे हा प्रश्न अनेकदा सौम्य निघतो, आणि एवढ्या कारणासाठीसुद्धा अशा इमारती कलेच्या वाट्याला बऱ्या येतात.

हवा हा जास्त अवघड विषय आहे. पूर्वी संग्रहालयं ५० टक्के सापेक्ष आर्द्रता, फार तर पाच टक्के इकडे-तिकडे, असा हट्ट धरत. आता मोठ्या संग्रहालयांच्या बिझोट गटाने बऱ्याचशा वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान मान्य केलंय, आणि चोवीस तासांतला चढउतार हळू असावा अशी अट घातलीय. हा बदल जुन्या इमारतींच्या पथ्यावर पडतो. तरी थंड हवामानात जुन्या दगडी भिंतीच्या आत ५० टक्के आर्द्रता राखायला गेलात तर ती वाफ भिंतीच्या गाभ्यात जाऊन पाणी होते, तुळयांची टोकं कुजतात, गोठलेल्या पाण्याने दगडाचे पापुद्रे सुटतात. चित्रं वाचतात आणि इमारत मरते. म्हणून उसनी आणलेली, कडक अटींची प्रदर्शनं नव्या भागात, आणि ज्यांना हवेतला फरक चालतो अशा वस्तू जुन्यात, ही विभागणी मला सगळ्यात हिताची वाटते.

उजेडाचं गणित सोपं आहे. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्स (उजेड मोजण्याचं एकक), तैलरंगांना साधारण २००. जुन्या गिरणीच्या उंच खिडकीतून भर दिवसा हजारो लक्स आत येतात. खिडक्या विटांनी बुजवायच्या नसतील (आणि नकोतच) तर आतून, पुढे काढता येईल असा दुसरा थर, पडदे, अतिनील किरण अडवणारी फिल्म. किंवा मग तिथे शिल्प, मातीची भांडी, धातुकाम मांडा.

आवाज. उघडा दगड, चुन्याचा गुळगुळीत गिलावा आणि उंच छत असलेल्या रिकाम्या चर्चमध्ये आवाज पाच-सहा सेकंदही घुमत राहतो. वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंद हवे असतात, बोलक्या नाटकाला सेकंदभर पुरे. घुमणं खोलीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतं आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे एका जागेत दोन्ही हवं असेल तर पुढेमागे करता येणारे जाड पडदे लागणार, आणि ते गुंडाळून ठेवायला खोबणी लागणार. ती खोबण आराखड्यात पहिल्या दिवसापासून दाखवा, नाहीतर शेवटी पडदे मूळ नक्षीवर खिळे ठोकून टांगले जातात.

नाट्यगृह असेल तर रंगमंचावरचा मनोरा हा नव्या भागाचा खरा राक्षस. पडदे आणि नेपथ्य प्रेक्षकांना दिसू नये असं वर खेचायचं तर मनोरा रंगमंचाच्या चौकटीच्या उंचीच्या साधारण अडीच पट हवा. आठ मीटरची चौकट म्हणजे वीस मीटरचा बंद ठोकळा, आणि तो शेजारच्या जुन्या छपराच्या वर डोकावतो. इथे संस्थेला स्पष्ट विचारा: तुम्ही खरंच असं नेपथ्य उडवणारी नाटकं करणार आहात का? उत्तर ‘कधीतरी’ असेल तर मनोरा काढून टाका.

मालाची वाट सगळे विसरतात. चित्राची सर्वांत मोठी पेटी कुठल्या गाडीतून येते, ती गाडी कुठे वळते, दार किती उंच, लिफ्ट किती खोल, वळणावर पेटी अडते का, ही वाट कागदावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवून तपासा. जुन्या दारांतून मोठी पेटी जात नाही, आणि तेवढ्यासाठी कमान फोडणं हा गुन्हाच.

पायरी ३: कोण काय उचलणार

आता गरजांची यादी आणि महत्त्वाचा नकाशा शेजारी ठेवा आणि प्रत्येक गरजेपुढे लिहा: जुन्यात, नव्यात, की नकोच. ‘नकोच’ हा रकाना भरल्याशिवाय बैठक संपवू नका.

बॉस्टनच्या इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर म्युझियमचं उदाहरण इथे बोलकं आहे. संस्थापिकेच्या मृत्युपत्रानुसार जुन्या दालनांतली मांडणी बदलायची नाही. पण लोक वाढले, मैफली वाढल्या, दुकान हवं झालं. वास्तुकार रेन्झो पियानो यांनी २०१२मध्ये वेगळी इमारत उभी करून प्रवेश, संगीतगृह, बदलती प्रदर्शनं, हरितगृह असं सगळं तिकडे नेलं आणि काचेच्या बोळाने ती जुन्या महालाला जोडली. जुन्या इमारतीतली गर्दीची झीज कमी झाली. हा नव्या भागाचा खरा उपयोग.

नवा भाग बाहेरच असला पाहिजे असंही नाही. मँचेस्टरच्या जुन्या कापूस बाजाराच्या प्रचंड सभागृहात १९७६मध्ये रॉयल एक्सचेंज थिएटर झालं. सभागृहाच्या जमिनीला नाट्यगृह आणि प्रेक्षकांचं वजन पेलणार नव्हतं. म्हणून पोलाद आणि काचेचं सातकोनी नाट्यगृह सभागृहाच्या चार भक्कम खांबांवर टांगलं. बहुतेक वजन खांबांतून जातं, जमिनीवर फक्त रंगमंच आणि खालची आसनं टेकतात. आणि आतलं नाट्यगृह उद्या काढलं तर जुनं सभागृह तसंच्या तसं उरेल. ‘काढता येईल का?’ ही कसोटी या क्षेत्रात जगभर मानली जाते. अमेरिकेतल्या वारसा इमारतींच्या सरकारी निकषांत तर ती थेट लिहिलेली आहे.

कधी जुन्यातला गाभाच बदलावा लागतो, हेही मान्य करू. स्ट्रॅटफर्डच्या रॉयल शेक्सपिअर थिएटरमध्ये १९३२च्या इमारतीतलं प्रेक्षागृह कामाचं राहिलं नव्हतं. सगळ्यात लांबचं आसन रंगमंचापासून २७ मीटरवर होतं. बेनेट्स असोसिएट्स या वास्तुकारांच्या संस्थेने दर्शनी भाग आणि पुढच्या जागा राखून आत नवं प्रेक्षागृह घातलं आणि २०१०मध्ये ते खुलं झालं तेव्हा हे अंतर १५ मीटरवर आलं होतं. इथे जुनं पाडण्याला आकड्याचा आधार होता. ‘जागा आधुनिक वाटावी’ एवढ्यावर कुणी भिंत पाडू म्हणालं तर मी तरी सही करणार नाही.

पायरी ४: जागा कुठली? मागे, खाली, वर

मागची बाजू हा बहुतेकदा बरोबर पर्याय असतो, आणि कंटाळवाणा वाटला तरी त्यावर पहिल्यांदा काम करा. मागे भिंती साध्या असतात, गाड्या येतात, उंची लपते.

खाली जाणं महाग, पण दर्शनी भागाला धक्का लागत नाही. लूव्रचा काचेचा पिरॅमिड १९८९पासून सगळ्यांना माहीत आहे. त्याची उंची जेमतेम २१ मीटर. खरा नवा भाग जमिनीखाली पसरलाय, जिथून तिन्ही बाजूंच्या विंगांत जाता येतं. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत पियानो यांनी २००६मध्ये संगीतगृह आणि ग्रंथांची तिजोरी कठीण खडकात खोल नेली, म्हणून वरचा काचेचा चौक जुन्या इमारतींपेक्षा लीन राहू शकला. खाली जाताना तीन गोष्टी विचारा: भूजलाची पातळी, शेजारच्या पायाची खोली, आणि पुरातत्त्वाचे अवशेष. लूव्रच्या उत्खननात मध्ययुगीन किल्ल्याचा खंदक सापडला आणि तो प्रदर्शनाचा भाग झाला. असा शोध मोठ्या संस्थेला भाग्याचा वाटतो. लहान संस्थेचं वेळापत्रक आणि पैसा त्यात वाहून जाऊ शकतो.

वर चढवणं सगळ्यात मोहाचं आणि सगळ्यात धोक्याचं. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत हर्त्सोग आणि द म्युरोन यांनी १९६०च्या दशकातल्या कोको-चहाच्या गोदामावर काचेची लाट चढवली. गोदामाच्या बाहेरच्या विटांच्या भिंती तेवढ्या राहिल्या. आतलं सगळं काढावं लागलं, पायाला शेकडो नवे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घालावे लागले. जहाजांच्या भोंग्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून सुमारे १२,५०० टनांचं संगीतगृह स्प्रिंगांवर तोललं. शहराचा वाटा ७.७ कोटी युरोंच्या अंदाजावरून ७८.९ कोटींवर गेला. सभागृह अप्रतिम आहे. पण हे जुन्या वास्तूचं रूपांतर म्हणायचं की जुन्या दर्शनी भिंतीच्या आत नवी इमारत, यावर मला दुसरंच उत्तर योग्य वाटतं. वर चढवायचंच असेल तर एक मजला, हलकं पोलाद किंवा लाकूड, कठड्यापासून मागे सरकवलेला. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून दिसणार नाही एवढा मागे.

पायरी ५: सांधा

आकाराच्या आधी सांधा आखा. जुन्याला नवं जिथे भिडतं त्या मीटरभर पट्ट्यात अशा प्रकल्पाचं बरंवाईट ठरतं. गळती, तडे, अडखळणाऱ्या पायऱ्या, सगळं इथेच. म्हणून एकास पाचच्या प्रमाणात सांध्याचे छेद (कापून आतलं दाखवणारी रेखाटनं) काढा, इमारतीचं त्रिमितीय चित्र काढण्याच्या आधी.

पहिली गोष्ट, दोन्हींचा भार वेगळा ठेवा. जुनी इमारत शंभर-दोनशे वर्षांत बसायची तेवढी बसली आहे. नवी अजून बसायची आहे. दोन्ही एकमेकींना घट्ट बांधल्या तर नवी बसताना जुनीला ओढते आणि तडा जुन्या भिंतीत जातो. मध्ये हालचालीची फट ठेवा, नव्याचे खांब स्वतःच्या पायावर उभे करा. जुन्या पायाच्या शेजारीच नवा पाया खणायची वेळ येऊ देऊ नका: नवे पाइल दोन-तीन मीटर मागे घ्या आणि वरची स्लॅब तिथून जुन्या भिंतीकडे झेपावू द्या. पाइल ठोकायचे नाहीत, ड्रिल करून घालायचे. जुन्या पायाच्या खाली जाणं टळतच नसेल तर पायाखालचा भराव मीटर-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, असाच करा. शेजारचा तुकडा घट्ट झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

दुसरी, भोक कुठे पाडायचं. शक्यतो नवं भोक पाडूच नका. जुनी खिडकी असेल तर तिची खालची भिंत उतरवून दार करा; वरची कमान, बाजूचे दगड तसेच राहतात आणि पुढे कधी परत खिडकी करता येते. काढलेले दगड क्रमांक घालून जपून ठेवा.

तिसरी, मजल्यांच्या पातळ्या. जुन्या इमारतीत दोन विंगांचे मजलेच एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे नव्याचे कुठून जुळणार? एकास बारा उताराने ६० सेंटिमीटर चढायला सात मीटरहून जास्त लांबीचा रॅम्प लागतो, वर मधले सपाट टप्पे. म्हणून लिफ्ट नव्या भागात अगदी सांध्याला लागून ठेवा, दोन्ही बाजूंना दार असलेली. एका दाराने नव्या मजल्यांवर, दुसऱ्या दाराने जुन्यांच्या अर्ध्या-मुर्ध्या पातळ्यांवर. एक लिफ्ट सहा-सात पातळ्या सांधू शकते. चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती मागच्या दाराने नाही तर सगळ्यांसोबत मुख्य प्रवेशातून आत आली पाहिजे, हेही इथेच ठरतं.

चौथी, पाणी. नवं छप्पर जुन्या भिंतीला टेकतं तिथे दरी तयार होते आणि जुन्या छपराचं पाणीही तिच्यातच कोसळतं. ही पन्हळ हिशेबाने लागते त्याहून मोठी ठेवा, माणूस उभा राहून साफ करू शकेल एवढी रुंद. तोंड बुजलं तर पाणी बाहेर दिसेल अशा ठिकाणी ओसंडू द्या. आतून, खोट्या छतामागून जाणारी पन्हळ कधीच नको. शिशाची किंवा जस्ताची पट्टी जुन्या भिंतीत घालताना दगड कापू नका, दर्जांमध्ये (दगडांमधल्या सांध्यांत) बसवा, आणि दर्जा चुन्यानेच भरा. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक आणि घट्ट. ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती विटेतून बाहेर पडते आणि सिमेंटची रेघ शाबूत राहून वीट झडते.

पाचवी गोष्ट उघड्या चौकावर काच टाकण्याची, कारण हा विचार जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात निघतो. चौक झाकला की चारी बाजूंचे बाहेरचे दगड एका दिवसात ‘आतले’ होतात. ते वाळायला लागतात आणि आतला क्षार पृष्ठभागावर येऊन फुटतो. उन्हाळ्यात काचेखाली गरम हवा साठते आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून दालनांत शिरते. धूर बाहेर काढण्याची सोय लागते. आणि छपराची कड जुन्या कंगोऱ्याला कुठे टेकणार, हा प्रश्न आहेच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चौकावर २०००मध्ये ३,३१२ काचा बसल्या, प्रत्येक वेगळ्या मापाची, कारण मधली गोल वाचनशाळा चौकाच्या नेमक्या मध्यावर नाही.

पायरी ६: दिसणं

आता दिसण्याकडे. वारसा जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की जोडकामावर आपल्या काळाची छाप हवी आणि त्याने वास्तूचा समतोल आणि परिसराशी असलेलं तिचं नातं बिघडवू नये. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. मग जुन्या वास्तूच्या कुशीत चमकदार, तिरपा, आरडाओरडा करणारा आकार घुसतो. टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये डॅनिएल लिबेस्किंड यांचा २००७चा ‘क्रिस्टल’ असाच आहे. फोटोत जोरदार, पण तिरक्या भिंतींवर मांडायचं काय हा पेच आतल्या लोकांना पडतो. भिंत सरळ हवी, ही कलादालनाची साधी मागणी आहे.

वेगळेपण दाखवायला आकार वाकडा करावा लागत नाही. व्हेरोनाच्या कास्तेलवेक्क्यो या किल्ल्यातल्या संग्रहालयात कार्लो स्कार्पा यांनी नवी फरशी जुन्या भिंतीला टेकवलीच नाही. मध्ये बोटभर खोबण सोडली. बघणाऱ्याला काही न सांगता कळतं, जुनं कुठे संपतं. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये युद्धात नष्ट झालेल्या भव्य जिन्याच्या जागी डेव्हिड चिपरफिल्ड यांनी तोच आकार, तीच मापं ठेवून संगमरवरी खडे घातलेल्या पांढऱ्या काँक्रीटचा जिना केला. नक्षीची नक्कल नाही आणि जुन्याशी भांडणही नाही. कोलोनच्या कोलुम्बा या कलासंग्रहालयात पीटर झुम्थोर यांनी २००७मध्ये चर्चच्या भग्न भिंतींवर खास भाजून घेतलेल्या लांब करड्या विटा चढवल्या, भग्नावशेषांवर तर जाळी सोडत, म्हणजे आत उजेड आणि हवा गाळून येते.

सामान निवडताना ‘साधारण तसंच’ हा सगळ्यात वाईट पर्याय. ब्रिटिश म्युझियमच्या त्याच प्रकल्पात दक्षिणेचा द्वारमंडप नव्याने बांधताना पोर्टलंडच्या दगडाऐवजी फ्रान्सचा दगड लागला. तो शेजारच्या जुन्या भिंतींपेक्षा पांढराफटक दिसला आणि वर्तमानपत्रांत वाद झाला. हुबेहूब तोच दगड मिळाला तर घ्या, नाहीतर उघड वेगळं काहीतरी घ्या. मीटरभर लांबी-रुंदीचा नमुना जागेवर उभा करा आणि ओल्या-कोरड्या दोन्ही दिवशी, सकाळ-संध्याकाळच्या उन्हात बघा. संगणकावरचा रंग बघून दगड ठरवायचा नाही.

प्रमाणासाठी एक सवय: जुन्याच्या दर्शनी भागातल्या आडव्या रेषा (जोतं, मजल्याचा पट्टा, कंगोरा) ट्रेसिंगवर ओढून नव्यावर पुढे न्या. सगळ्या पाळायच्या असं नाही. पण कुठली रेषा तोडतोय हे माहीत असलं पाहिजे.

पायरी ७: परवानगी आणि शेजारी

वारसा अधिकाऱ्यांकडे पूर्ण रेखाटनं घेऊन जाण्याआधी महत्त्वाचा नकाशा आणि गरजांची यादी घेऊन जा. त्यांना पर्याय नाकारण्याचा हक्क सुरुवातीलाच दिला, की शेवटी नकार कमी येतो. उंचीबद्दल वाद असेल तर बांबूचा किंवा मचाणाचा सांगाडा उभा करून उंची प्रत्यक्ष दाखवा.

शेजाऱ्यांचा प्रश्न फक्त सावलीचा नसतो. लंडनच्या जुन्या वीजकेंद्रातल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाचा विटांच्या जाळीचा नवा मनोरा २०१६मध्ये जुन्या तेलटाक्यांवर उभा राहिला. त्याच्या वरच्या सज्ज्यातून शेजारच्या काचेच्या फ्लॅट्समध्ये थेट दिसायचं. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२३मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. तेव्हा प्रत्येक गच्चीवरून काय दिसतं ते आधीच काढा. यंत्रखोलीचा रात्रीचा आवाजही मोजा.

पायरी ८: बांधकाम

खर्चात १५ ते २० टक्के अनपेक्षितासाठी बाजूला ठेवा आणि ते पैसे सुरुवातीलाच सजावटीत खर्चू देऊ नका. काम सुरू होण्याआधी जुन्या भिंतींचा प्रत्येक तडा फोटोसकट नोंदवा, त्यावर मापाच्या पट्ट्या लावा, कंपनमापक बसवा. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकात नाजूक वारसा इमारतींसाठी पायाजवळ कमी वारंवारतेच्या कंपनांची मर्यादा सेकंदाला ३ मिलिमीटर धरली आहे. करारात ही मर्यादा लिहा आणि ती ओलांडली तर यंत्र बंद करायचं, हेही लिहा.

आगीबद्दल नुसती काळजी पुरत नाही. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची मॅकिन्टॉश इमारत २०१४मध्ये जळाली आणि जीर्णोद्धार चालू असतानाच २०१८मध्ये पुन्हा, जास्त भीषणपणे जळाली. बांधकामाच्या काळात इमारतीची आग शोधणारी आणि विझवणारी यंत्रणा अर्धवट असते, छताच्या पोकळ्या उघड्या असतात, कोरडं लाकूड जागोजागी पडलेलं असतं. म्हणून वेल्डिंग, टॉर्च लागणारी कामं कार्यशाळेत उरकून आणा. जागेवर करावीच लागली तर परवाना, जवळ उभा पहारा, आणि काम संपल्यावर निदान तासभर लक्ष. पाण्याचा तात्पुरता दाब पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. नवा भाग आधी पूर्ण करून त्याची विझवणारी यंत्रणा सुरू करता आली आणि मग जुन्यात शिरता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

क्रमाची आणखी एक अडचण. नवं काँक्रीट, नवा गिलावा महिनोन्महिने पाणी सोडत राहतो. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून ओल्या भिंतींवर चित्रं टांगू नका. हवेची यंत्रणा रिकाम्या दालनांत चालवून आर्द्रतेच्या नोंदी घ्या, शक्यतो एका पूर्ण ऋतूच्या, आणि त्या नोंदी उसनं देणाऱ्या संग्रहालयांना दाखवा. जुन्या भागात तापमान हळूहळू वाढवा. वर्षानुवर्षं थंड राहिलेलं लाकूड एकदम तापवलं की तडकतं.

हस्तांतराच्या दिवशी संस्थेच्या हातात सांध्याचे छेद, पन्हळी साफ करायचं वेळापत्रक आणि छपरावर जायच्या शिडीची किल्ली द्या. काढलेल्या दगडांची यादीही, प्रत्येकाचा क्रमांक आणि तो कुठे ठेवलाय त्या जागेसकट.